मेक्सिकोच्या भिंती आणि वर्ध्याचे खानखोजे

आपल्या स्मरणिकेत पाककृती असतात, ओव्या असतात, सहलीची वर्णने असतात. यंदा संपादिकाबाईंनी इतिहासावर काहीतरी लिहा म्हणून सांगितले. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, आणि घनगड, कोरीगड तर आपल्या दारातच आहेत. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण वाचनाची आवड लग्नानंतरही सुटली नाही. वीणा गवाणकर यांनी डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र लिहिले आहे. खानखोजे यांची हकीकत वाचता वाचता दूरच्या मेक्सिको देशातल्या दिएगो रिव्हेरा नावाच्या एका चित्रकाराची गाठ पडली आणि मग त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. मुलाने मोबाइलवर त्याची चित्रे काढून दाखवली, तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरवले.

हा चित्रकार कागदावर किंवा कापडावर थोडे आणि भिंतीवर फार काढी. भिंत म्हटली की ती आपली. घर पुरुषाच्या नावावर असले तरी भिंत बाईच्या हाताखालून जाते. मातीच्या घरात वाढलेल्या आपण सगळ्यांनी पांढऱ्या मातीचा पोतारा दिला आहे, शेणाने सारवले आहे, नागपंचमीला भिंतीवर नाग काढला आहे. पुढच्या वर्षी पोतारा दिला की नाग पुसला जातो आणि काढणारीचे नाव कोणी विचारत नाही. रिव्हेराच्या भिंती सरकारी वाड्यांच्या होत्या आणि त्या अजून टिकून आहेत. पण त्यांच्यावर त्याने जे काढले ते मात्र आपल्यासारख्याच माणसांचे जिणे होते.

मेक्सिको हा अमेरिकेच्या दक्षिणेला लागून असलेला देश. आपल्याला तो परका वाटतो, पण आपल्या चुलीपाशी तो केव्हाच येऊन बसला आहे. मिरची तिकडची. मका तिकडचा. दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपले तोरण होत नाही तो झेंडूसुद्धा मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीज लोकांच्या जहाजांतून या वस्तू चार-साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्याकडे उतरल्या. मिरचीवाचून आपल्या आज्यांच्या पणज्या कालवण कसे करीत असतील, याचे मला नेहमी नवल वाटते. (मिरी होती म्हणतात. असेल.) मेक्सिकोचे लोक झेंडूची फुले पितरांना वाहतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे आपल्या सर्वपित्रीसारखा सण असतो. त्या दिवशी घरोघर मृतांसाठी पान मांडतात आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे पितरांना घर सापडावे.

त्यांची भाकरी मक्याची. ती करायची रीत मला फार आवडली. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकडून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी साल सुटते. मग दगडी पाट्यावर गुडघे टेकून वरवंट्याने वाटतात, हातावर थापतात आणि तव्यावर टाकतात. चुन्यामुळे मक्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागते, नाहीतर नुसता मका खाणाऱ्यांना कातडीचा वाईट रोग होतो, हे शास्त्रज्ञांना फार उशिरा कळले. तिथल्या बायकांना हजारो वर्षे रीत ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. रिव्हेराने पाट्यावर वाटणारी बाई पुन्हा पुन्हा काढली आहे. वाकलेली पाठ, जाड मनगटे, खाली घातलेली मान. त्या चित्रात ती बाई जवळजवळ सगळी चौकट भरून असते.

दिएगो रिव्हेरा ८ डिसेंबर १८८६ रोजी ग्वानाह्वातो या खाणींच्या गावात जन्मला. तो जुळा होता. जोडीचा भाऊ दोन वर्षांचा होण्याआधीच वारला. लहानपणी तो घरातल्या भिंती रेघोट्यांनी भरून टाकी. आपण अशा पोराला काय करतो ते सांगायला नको. त्याच्या वडिलांनी एका खोलीच्या भिंतींना फळेच लावून दिले आणि येथे हवे ते काढ म्हणून सांगितले, असे म्हणतात. दहा-अकराव्या वर्षी तो राजधानीच्या चित्रशाळेत जाऊ लागला. १९०७ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर स्पेनला गेला, तिथून पॅरिसला, आणि मधला थोडा काळ सोडला तर १९२१ पर्यंत युरोपातच राहिला. तिकडच्या नव्या तऱ्हेची चित्रे काढून नावही मिळवले. त्या चित्रांत माणसाचे नाक कुठे आणि डोळा कुठे हे शोधावे लागते. मला ती कळली नाहीत, तेव्हा त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. मात्र परत येण्याआधी त्याने इटलीत फिरून तिथल्या देवळांच्या भिंतींवरची जुनी चित्रे डोळे भरून पाहिली, आणि तिथे त्याची वाट बदलली.

इकडे त्याच्या देशात मोठी उलथापालथ झाली होती. पोर्फिरिओ दियाझ नावाच्या हुकूमशहाने तीस वर्षांहून अधिक काळ राज्य केले. जमीन मोठ्या जमीनदारांच्या हाती गेली होती आणि गावेच्या गावे त्यांच्या मळ्यांवर राबत होती. १९१० मध्ये बंड पेटले आणि दहा वर्षे रक्तपात चालला. दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांचा पुढारी एमिलिआनो झापाटा. ‘जमीन आणि स्वातंत्र्य’ ही त्याच्या लोकांची घोषणा. १९१९ च्या एप्रिलमध्ये त्याला दग्याने बोलावून गोळ्या घातल्या. यादवी संपली तेव्हा देशातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. नवे शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी शाळा काढल्या, वाचनालये काढली, आणि आणखी एक गोष्ट केली: सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांना दिल्या. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही डोळे आहेत, हा त्यामागचा विचार. रिव्हेरा, ओरोस्को आणि सिकेरोस हे तीन चित्रकार त्यातून पुढे आले. मजुरीचा हिशेब चौरस मीटरवर होई, गवंड्यासारखा.

काम होतेही गवंड्याचेच. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावरचे चित्र. चुना महिनोन्महिने भिजवून मुरवायचा, त्याचा गिलावा सकाळी तेवढ्याच भागाला द्यायचा जेवढा दिवसभरात रंगवून होईल, आणि तो वाळण्याच्या आत नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावायचे. चुना सुकताना रंगाला धरून ठेवतो आणि मग तो धुतला तरी जात नाही. चूक झाली तर खोडता येत नाही. गिलावाच खरवडून काढावा लागतो. आपल्या अजिंठ्याची पद्धत वेगळी. तिथे मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस आणि गवत मिसळले आहे, वर चुन्याचा पातळ हात आहे आणि तो वाळल्यावर डिंकाने बांधलेले रंग लावले आहेत. भाताच्या तुसाला दीड हजार वर्षे झाली, हे वाचून आपल्या भातखाचरांविषयी मला उगाच अभिमान वाटला.

रिव्हेराने पहिल्यांदा मेणात रंग कालवून पाहिले. मग फ्रेस्कोकडे वळला तेव्हा जुन्या लोकांची युक्ती म्हणून निवडुंगाचा चीक रंगात मिसळला. काही दिवसांनी चीक कुजला आणि डाग पडले. तेव्हा तो नाद सोडून त्याने सरळ इटलीची रीत धरली. माणूस धिप्पाड आणि वजनदार; परातीवर बसून तो तासन्‌तास रंगवी, तिथेच जेवी. खाली लोक उभे राहून पाहत आणि शेरे मारीत. कित्येकांना शेतकरी आणि मजूर सरकारी वाड्याच्या भिंतीवर चढलेले आवडत नव्हते. आपल्या बचावासाठी तो कमरेला पिस्तूल लावी. थापा मारण्याचीही त्याला हौस होती, म्हणून त्याच्याविषयीच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या धरू नयेत.

१९२३ ते १९२८ या वर्षांत राजधानीत शिक्षण खात्याच्या इमारतीचे दोन चौक, तीन मजल्यांच्या सगळ्या ओसऱ्या त्याने भरून काढल्या. शंभराहून अधिक चित्रे झाली. एका चौकात कष्ट, दुसऱ्यात सण. कोष्टी आहेत, रंगारी आहेत, उसाचा मळा आहे. खाणीतून वर आलेल्या कामगाराची झडती घेतात ते चित्र आहे. त्याने दोन्ही हात पसरले आहेत आणि तो सुळावर दिलेल्या येशूसारखा दिसतो. पितरांचा सण झेंडूसह आहे. मला सर्वांत आवडले ते खेड्यातल्या मास्तरीणबाईचे. ती जमिनीवर बसली आहे, भोवती कोंडाळे करून पोरे आणि म्हातारे बसले आहेत, तिच्या हातात पुस्तक आहे. मागे माणसे शेत नांगरीत आहेत. आणि बाजूला घोड्यावर बसून एक बंदूकवाला पहारा देतो आहे, कारण अशा शिक्षकांवर जमीनदारांची माणसे चालून येत. आपल्या पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई शाळेत जायला निघाल्या तेव्हा त्यांच्यावर शेण पडले. त्यांना घोडेस्वार मिळाला नाही. त्या पदराआड दुसरे लुगडे घेऊन जात.

आता मुळशीच्या माणसाने जिथे थांबावे त्या चापिंगो गावाकडे येते. राजधानीपासून जवळच ही एका जमीनदाराची अवाढव्य हवेली आणि मळा होता. क्रांतीनंतर सरकारने तिथे शेतकी शाळा नेली. हवेलीचे देऊळ रिकामे पडले होते. रिव्हेराने १९२७ पर्यंत त्याच्या भिंती आणि छत रंगवले. देवळात जिथे संतांची चित्रे असायची तिथे त्याने एका बाजूला जमिनीची उत्पत्ती आणि दुसऱ्या बाजूला माणसांचा जमिनीसाठी झालेला झगडा काढला. त्यात एक चित्र असे आहे: वर मक्याचे हिरवे पीक उभे आहे, आणि खाली मातीच्या पोटात लाल वस्त्रात गुंडाळलेले झापाटा आणि त्याचा साथी माँतान्यो निजले आहेत. पीक त्यांच्यावर वाढते आहे.

हे चित्र मी पाहिले तेव्हा मला धरण आठवले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. टाटांच्या धरणाच्या कामावर सुमारे बाराशे मावळे जाऊन बसले आणि काम बंद पाडले. बरोबर बायकापोरे होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि त्यासाठी मुळा-नीलेच्या खोऱ्यातली भाताची जमीन पाण्याखाली जाणार होती. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. पुढारी सेनापती बापट, म्हणजे पांडुरंग महादेव बापट. १९२४ पर्यंत लढा चालला. माणसे तुरुंगात गेली, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि धरण उभे राहिले. झापाटाची ‘जमीन आणि स्वातंत्र्य’ आणि आपली ‘जान किंवा जमीन’ यांत फार तर दहा वर्षांचे अंतर आहे. एकाला दुसऱ्याचे नावही ठाऊक नसेल. फरक एवढाच की त्यांच्याकडे जमिनीसाठी मेलेली माणसे सरकारी शाळेच्या भिंतीवर निजली आहेत आणि शेतकीचे विद्यार्थी त्यांना पाहत मोठे होतात. आपल्याकडे बापटांचे नाव पुण्यातल्या एका मोठ्या रस्त्याला आहे. पण त्यांच्याबरोबर धरणावर जाऊन बसलेल्या बाया कशा दिसत होत्या, लुगडी कशी नेसल्या होत्या, कडेवर कोण होते, हे मला एकाही भिंतीवर पाहायला मिळालेले नाही.

याच चापिंगोच्या शेतकी शाळेत रिव्हेरा रंगवीत होता त्या वर्षांत एक मराठी प्राध्यापक वनस्पतिशास्त्र आणि पिकांची सुधारणा शिकवीत होते. तेच खानखोजे. त्यांचा जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. तरुणपणी लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली आले आणि युद्धविद्या शिकावी म्हणून परदेशी गेले. जपान, मग अमेरिका. कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतले, पोटासाठी मजुरी केली, आणि त्याबरोबरच शेतकीचे शिक्षणही पुरे केले. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी गदर पक्ष काढला, त्यात ते पहिल्यापासून होते. पहिल्या महायुद्धात इराणात जाऊन तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रजांशी लढले. १९२१ मध्ये मॉस्कोला गेले. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे घरचा रस्ता बंद होता. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले तेव्हा वय चाळीस; हाती फक्त शेतकीचे ज्ञान.

बंदूक त्यांनी तिथे खाली ठेवली आणि कणीस हातात घेतले. मक्याचा एक रानटी भाऊबंद आहे, तेओसिंते नावाचा. त्याच्याशी मक्याचा संकर करून ते नव्या जाती तयार करण्याच्या मागे लागले. दुष्काळात आणि थंडीत तग धरील असे वाण त्यांना हवे होते. शेतकऱ्यांच्या मुलांना, खुद्द शेतकऱ्यांना फुकट शिकता यावे म्हणून खेड्यापाड्यांत मुक्त शेतकी शाळा काढल्या. आपल्या देशासाठी जे करायचे होते ते त्यांनी दुसऱ्याच्या शेतात केले. त्या शाळांची आणि कणसांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या इटालियन बाईने काढली आहेत. ही मोठी नामांकित छायाचित्रकार. रिव्हेराच्या चापिंगोच्या देवळातल्या चित्रांसाठी तीच त्याच्यापुढे बसली होती. तेव्हा सगळी माणसे एकमेकांच्या ओळखीचीच.

१९२८ मध्ये रिव्हेरा शिक्षण खात्याच्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर काम करीत होता. तिथे त्याने एक चित्र काढले. त्याच्या नावाचे मराठी ‘आमची भाकरी’ असे होईल, जरी चित्रात पाव असला तरी. लांब मेज आहे. भोवती गोरी, काळी, गव्हाळ अशी निरनिराळ्या वर्णांची माणसे आणि लेकरे बसली आहेत. मागे डोक्यावर फळांची मोठी टोपली घेतलेली एक बाई ताठ उभी आहे, आपल्याकडची बाजारकरीण उभी राहते तशी. आणि मेजाच्या मुख्य जागी बसून पाव मोडणारा माणूस म्हणजे आपले खानखोजे. धर्मग्रंथातल्या भोजनाच्या चित्रात जिथे येशू बसतो त्या जागी वर्ध्याचा माणूस बसला आहे.

मला या चित्रात एक गोष्ट विशेष वाटते. क्रांतीची चित्रे त्याच मजल्यावर पुष्कळ आहेत. जवळच्याच एका चित्रात फ्रिदा कालो ही तरुणी बंदुका वाटते आहे. तीना मोदोत्तीही काडतुसांचा पट्टा हातात धरून तिथे उभी आहे. इराणात लढून आलेला माणूस रिव्हेराला बंदुका वाटताना दाखवता आला असता. त्याने भाकरी वाटताना दाखवला. वाढणाऱ्याचे काम आपल्याकडे बाईचे. पंगतीत ती शेवटी जेवते आणि तिला कोणी मुख्य जागी बसवीत नाही. इथे ज्याच्या हातात भाकरी तोच मुख्य.

एवढे स्तुतीचे लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्रे पाहून आपला गैरसमज व्हायचा. बायकांना भिंतीवर एवढा मान देणारा हा माणूस घरात तसा नव्हता. पॅरिसमध्ये अँजेलिना बेलोफ ही रशियन चित्रकार त्याची बायको होती. त्यांचे लेकरू तान्हे असतानाच गेले, आणि १९२१ मध्ये हा तिला तिथेच टाकून मायदेशी परतला. दुसरी ग्वादालुपे मारीन, दोन मुलींची आई. चापिंगोच्या देवळात मुख्य भिंतीवर मुक्त झालेली धरणी म्हणून जी गर्भवती बाई पहुडली आहे ती हीच. चित्र पुरे होते न होते तोच संसार मोडला. मग १९२९ मध्ये फ्रिदा कालो. ती त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान. १९२५ मध्ये बसच्या अपघातात तिचा कणा आणि पाय मोडले होते आणि जन्मभर दुखणे मागे लागले. तिच्या सख्ख्या बहिणीशीसुद्धा याने संबंध ठेवला. १९३९ मध्ये काडीमोड झाला, १९४० मध्ये पुन्हा लग्न लागले. फ्रिदा स्वतः उत्तम चित्रकार होती. अंथरुणावर पडून, आरशात पाहून तिने स्वतःचीच चित्रे काढली. त्या काळी तिला रिव्हेराची बायको म्हणून ओळखत. आज जगभर फ्रिदाचे नाव आधी घेतात. १९५४ मध्ये ती गेली. काही जण म्हणतात, कलावंताचे घर पाहू नये. मी म्हणते, आपण बायका घरच आधी पाहतो, त्याला इलाज नाही.

तिकडे अमेरिकेतही त्याला बोलावणी आली. डेट्रॉइट शहरात त्याने मोटारींच्या कारखान्यातले कामगार २७ चित्रांत काढले. न्यूयॉर्कला रॉकफेलर या धनाढ्य घराण्याच्या नव्या इमारतीत १९३३ मध्ये चित्र सुरू केले आणि त्यात रशियाच्या लेनिनचा चेहरा घातला. मालक म्हणाले, हा चेहरा बदला. याने नकार दिला. मालकांनी ठरलेले सगळे पैसे चुकते केले, त्याला परातीवरून खाली उतरवले, चित्रावर कापड ओढले आणि १९३४ च्या फेब्रुवारीत ते फोडून टाकले. पुढे तेच चित्र त्याने मेक्सिकोत राजधानीच्या कलामंदिराच्या भिंतीवर पुन्हा काढले. या प्रकरणात बरोबर कोण यावर अजून वाद होतात. भिंत ज्याची त्याचा हक्क, असे एक म्हणतात. चित्र ज्याचे त्याचा, असे दुसरे. मला वाटते पैसे चुकते केले म्हणजे झाले, हा हिशेब आपल्या खोऱ्यातल्या लोकांना सांगू नये. मोबदला देतो म्हणून आपल्यालाही सांगितले गेले होते.

रिव्हेरा शेवटपर्यंत भिंती रंगवीत राहिला. राष्ट्रपतींच्या जुन्या राजवाड्यात जिन्याच्या भिंतीवर त्याने देशाचा सगळा इतिहास काढला. ते काम १९२९ ते १९३५ पर्यंत चालले आणि वरच्या ओसरीतले १९५१ पर्यंत. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी तो वारला.

खानखोजे यांनी १९३६ मध्ये जीन सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केले. सावित्री आणि माया या दोन मुली. मुलीचे नाव परदेशात सावित्री ठेवावे, यावरून त्यांचे मन कुठे होते ते कळते. देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ मध्ये मध्यप्रांत सरकारने शेतकीच्या सल्ल्यासाठी बोलावले तेव्हा त्यांनी मायभूमी पुन्हा पाहिली. जाताना वीस-बावीस वर्षांचे होते, आले तेव्हा पासष्टीला टेकले होते. जुन्या काळ्या यादीमुळे स्वतंत्र हिंदुस्थानात येण्याचा परवानासुद्धा त्यांना सुखासुखी मिळाला नाही. पुढे ते कुटुंबासह नागपुरात राहिले. १९६६ मध्ये आपल्या सरकारने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले आणि त्यातून पुढे देशाची कोठारे भरली. तो गहू खानखोजे यांनी काढलेला नव्हे. त्यांच्यानंतर आलेल्या बोरलॉग यांचा. पण मेक्सिकोच्या मातीतून आपल्याकडे दाणा येत असताना तिथे वीस-पंचवीस वर्षे राबलेला मराठी माणूस नागपुरात म्हातारपण काढीत होता, हे फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १९६७ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सेनापती बापट गेले. दोघेही पांडुरंग.

२०२२ च्या सप्टेंबरात चापिंगोच्या विद्यापीठात खानखोजे यांचा पुतळा उभारला. लोकसभेचे अध्यक्ष त्याचे अनावरण करायला गेले होते. शिक्षण खात्याची ती इमारत २०२४ पासून भित्तिचित्रांचे संग्रहालय म्हणून सर्वांना खुली झाली आहे. आपल्या मंडळातून मेक्सिकोला कोणी जाईल असे वाटत नाही. पण हिंजवडी आपल्याच तालुक्यात आहे, आणि तिथे नोकरी करणारी आपली मुले-मुली कंपनीच्या कामाला देशोदेशी जातात. कोणाचे तिकडे जाणे झाले तर त्यांना सांगून ठेवा: सर्वांत वरच्या मजल्यावर जायचे, टोपली डोक्यावर घेतलेली बाई शोधायची, आणि तिच्या पुढे मेजाशी पाव मोडणाऱ्या गृहस्थांचा एक फोटो आपल्या मंडळाकरिता काढून आणायचा.